मनोहररावांचा खड्ड्यातला चेंडू

मनोहररावांशी माझी ओळख भांडणातून झाली. सौंसरच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे. ते क्रीडाशिक्षक म्हणून नव्याने रुजू झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या तासाची अर्धी पोरं कबड्डीला नेली. मी तावातावाने जाब विचारायला गेलो, तर त्यांनी मलाच गुण मोजायला बसवले. तेव्हा जुळलेली मैत्री आज त्यांच्या साठीपर्यंत टिकली आहे.

ते स्वतः नामांकित कबड्डीपटू. राज्याच्या संघात जाण्याच्या बेतात असतानाच रामाकोना गावाजवळच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टर उलटला आणि उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. आम्ही तोंडं पाडून भेटायला जायचो आणि तेच आमची टिंगल करायचे. कृत्रिम पायावर तोल सावरावा म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी गोल्फ सुचवला. हा साहेबलोकांचा खेळ आपल्याला कुठला परवडायला, असे आम्ही म्हणत राहिलो. मनोहरराव मात्र बागेत गळलेली हिरवी संत्री काठीने टोलवू लागले. फांद्यांखालून जाणारा बुटका फटका त्यांना तिथेच साधला.

पुढे देशाच्या दिव्यांग गोल्फ संघाची निवड नागपुरात होती. कबड्डीत हुकलेले त्यांना इथे मिळवायचे होते. सोबत मी होतो आणि हट्टाने आलेल्या त्यांच्या आई, आम्हा सर्वांच्या माय. गळलेलं फळ बागेत पडू द्यायचं नाही, रोग पसरतो, ही मायची जन्माची सवय. मनोहररावांचा चेंडू झाडाखालच्या खड्ड्यात पडला. ते पोहोचेपर्यंत मायने तो उचलून पदराला पुसलासुद्धा.

पंच लांबून येत होते. चेंडू होता तिथेच परत ठेवायचा, हा नियम. पण ती जागा आम्हा तिघांनाच ठाऊक होती. चूक कळताच माय कळवळून म्हणाल्या, "ठेव न बापा इथंच गवतावर. कोन पाहून रायलं?"

"माय, मी पाहून रायलो ना," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी चेंडू खड्ड्यात ठेवला.

खड्ड्यातून चेंडू काढायला एक फटका जास्त लागला आणि तेवढ्यानेच निवड हुकली. परतताना मला रडू आवरेना. मनोहरराव मात्र घर येईपर्यंत मायला हसवत होते. दुसऱ्या दिवशी मायलेकांनी मिळून बागेत तसेच खड्डे खणले आणि सराव सुरू झाला.

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा हेच गृहस्थ रोज सकाळी येऊन मला चालवायचे. कण्हलो की म्हणायचे, "सर, तुमचा पाय निदान जागेवर तरी आहे." त्यावर कुरकुर करायची सोयच नसे.

पुढच्या निवडीचा निकाल फोनवर आला, तेव्हा मी बागेतच होतो. त्यांचे नाव संघात होते. मनोहररावांनी तो फोन पूर्ण ऐकलाही नाही, मायच्या कानाला लावला.

मनोहरराव, तुम्हांला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. मायच्या देखत तुम्ही अजून पुष्कळ खेळावे, आणि आम्ही चेंडूला हात न लावता, हात मागे बांधून पाहत राहावे.