मामांचा दोन फुटी समुद्र

आमच्या हिच्या मामांइतका समुद्राच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या दौंड तालुक्यात झाला नाही आणि देव करो, पुन्हा होऊ नये. समुद्र त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. नोकरीपुरतं सणसवाडी, औषधपाण्यापुरतं शिरूर आणि सोयरिकी जुळवायला वरवंड, एवढाच त्यांचा मुलूख. तरी राहू गावातल्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी, काचेच्या दोन फुटी टाकीत समुद्र होता. खारं पाणी, खडक, जिवंत पोवळी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी. माझं शिरूरला मेडिकलचं दुकान आहे. दिवसभर आजारी माणसांची तोंडं बघून माझा स्वभाव मुळातच रडका झालाय, असं आमची ही म्हणते. असेल. पण मामांचा विषय निघाला की मला आधी हसू येतं आणि मग उरलेला दिवस उदास जातो, हे मात्र खरं.

मामा सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिथल्या परदेशी साहेबाच्या केबिनमध्ये ही टाकी होती. तिचा पंप बिघडला म्हणून मामांना बोलावलं, तर पंप चालू करून झाल्यावरही हा माणूस जेवणाची सुट्टी संपेपर्यंत टाकीसमोर उकिडवा बसून राहिला. पुढे साहेब मायदेशी निघाला. टाकी कोणाला हवी म्हणून विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि मामांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. टेम्पोत निळे पिंप भरून पाणी आणि मांडीवर दुधाच्या किटलीत मासे, असे ते राहूत उतरले. मामींनी किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "एवढुसं? ह्यात कालवण कुणाला पुरायचं?" मामांना ते जे लागलं, ते लागलंच.

आमच्याकडे उसाला पाणी पाजून पाजून निम्म्या रानात मीठ फुललंय. उन्हाळ्यात बांधावरून चाललं की पांढरा थर पायाखाली कुरकुर वाजतो. आणि मामा मुंबईहून मिठाच्या बादल्या मागवायचे! शेती बघणारे त्यांचे थोरले बंधू, आप्पा, एकदा कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं, रानातलं मीठ काढता काढता माझी हयात गेली, आन् तू इकत आणून घरात घेतूस?"

"ते मीठ वायलं, आप्पा."

"वायलं कसं? खारट हाय न्हवं दोन्ही?"

मामांनी समजावून सांगायला सुरुवात केली तसे आप्पा गोठ्याकडे निघून गेले. टाकीत पोवळं आहे ही बातमी फुटल्यावर तर मंगळाच्या मुलींचे बाप दारात यायला लागले. वरवंडचे एक पाहुणे चपला काढता काढताच म्हणाले, "गुंजभर द्या मामा, पोरीच्या अंगठीत बसंल एवढं." मामा टाकीसमोर आडवे उभे राहिले. "जित्तं हाय ते! तुमच्या पोरीच्या लग्नापायी ह्याचा लचका तोडू व्हय?" ते पाहुणे अजून मामांच्या घरचं पाणी पीत नाहीत.

नोकरी सुटली तरी मामांच्या तोंडची कारखान्याची भाषा सुटली नाही. कोणी आजारी पडलं की 'ब्रेकडाऊन', बरं झालं की 'लाइन चालू' आणि कोणी गेलं की मान खाली घालून 'फुल शटडाऊन झालं बिचाऱ्याचं'. माझ्या दुकानात यायचे ते बिनसुईच्या सिरिंजा न्यायला. पोवळ्यांना ते सिरिंजने जेवण भरवत. शेजारचं गिऱ्हाईक आपुलकीनं विचारायचं, "घरात कोण आजारी हाय?" मामा गंभीरपणे सांगायचे, "आजारी न्हाई, पर भूक मंदावलीया." गिऱ्हाईक हळहळायचं, ओवा-काळ्या मिठाचा उपाय सांगायचं आणि मामा तो ऐकून घ्यायचे.

पण हे सगळं वरवरचं. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी एकदा काउंटरवर कोपर टेकून मला सांगितली. "जावईबापू, मला दुसरं काय नगं. तुमच्या मामीनं एकदा खुर्ची टाकून त्या टाकीम्होरं बसावं. बघावं. बास." मामी बसत नव्हत्या. टाकी आली त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. झाडलोटसुद्धा तेवढा कोपरा सोडून करायच्या. तक्रारी मात्र करायच्या आणि प्रत्येक तक्रारीवर मामांचं उत्तर ठरलेलं, "अपग्रेड करू." पंपाची घरघर डोक्यात जाते म्हणाल्या, तर बिनआवाजाचा पंप आला. पाण्यातली घाण फेसावर घेऊन कपात काढणारं एक मशीन असतं, स्किमर म्हणतात त्याला. त्याच्या कपाला घाण वास येतो म्हणाल्या, तर मोठा झाकणबंद स्किमर आला. निळ्या उजेडात देव्हाऱ्यातला खंडोबासुद्धा विष घेतल्यागत दिसतो म्हणाल्या, तर सांजवेळी आपोआप मंद होणारा दिवा आला. मासे बिचारे होते तसेच होते. प्रत्येक नवं मशीन बसवून झालं की मामा हात पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहायचे. "आता आवाज न्हाई बघ." मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "बरं." एवढंच. ते 'बरं' ऐकून मागे फिरणारा मामांचा चेहरा मी पाहिलाय. रिपोर्ट वाईट आलेली माणसं माझ्या दुकानातून तशीच बाहेर पडतात.

खरी अडचण उन्हाची. त्या पाण्याला उष्मा चालत नाही आणि आमच्याकडे उष्म्याशिवाय दुसरं आहे काय? म्हणून मामांनी पाणी गार करणारा चिलर आणला. तो पाणी गार करी आणि सगळी गरम हवा मामींच्या स्वयंपाकघरात सोडी. "गारवा माशास्नी आन् वाफारा मला!" मामी म्हणायच्या आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. शिवाय टाकीचं तापमान मोबाइलवर दिसेल अशी सोय मामांनी केली होती. तेव्हापासून तर त्यांचं चित्त कशातच नसे. चुलत्याच्या दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कोणी म्हणे इच्छा राहिली, कोणी म्हणे धाकट्या लेकीला पुढं बोलवा. तेवढ्यात मोबाइलात डोकं घालून बसलेले मामा ओरडले, "गेलं! वर गेलं!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले, माणसांनी हात जोडले. मामांचं आपलं तापमान चाललं होतं. लगेच त्यांनी घरी फोन लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "लाइट हाय का?" लाइट नाही असं कळलं की मामा लग्नाच्या पंगतीतून भरल्या ताटावरून उठत. त्यांना पोटभर जेवताना कोणत्याच कार्यात कोणी पाहिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला त्यांनी शेवटचं अपग्रेड केलं. जुना चिलर काढून टाकला, भिंतीला भोकं पाडली आणि नवा, चांगला दांडगा चिलर मागच्या पडवीत बसवला. नळ्या आत, उष्मा बाहेर. घर गार झालं आणि गप्पही झालं. चार-सहा दिवस गेले असतील, दुपारी दुकानात त्यांचा फोन आला.

"जावईबापू, बसली!"

"कोण बसलं?"

"तुमची मामी. शेंगा मोडायच्या म्हणून बसलीया, पर बघतीया तिकडंच. हळू बोला जरा."

मी शिरूरहून हळू बोललो. त्यानंतर मामी रोज दुपारी बसायला लागल्या. त्या जोडीतली मादी मोठी आणि दांडगट, नराला सारखी पुढं-मागं पळवायची. मामींनी तिचं नाव ठेवलं 'वन्सं'. "आमच्या थोरल्या वन्सं अक्षी अशाच," असं त्या मला हसून सांगत होत्या आणि शेजारी मामा टॉवेलनं उगाच तोंड पुसत होते. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर ना कधी आधी पाहिलं, ना नंतर.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं-यंत्रं धुऊन-पुसून पुजतात आणि पुजलेलं यंत्र दिवसभर चालवायचं नाही असा दंडक आहे. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, शिवणयंत्र, विळे-खुरपी, सगळ्यांना हळदकुंकू आणि सगळ्यांना विसावा. कारखान्यातसुद्धा मशिनी बंद ठेवून हार घालतात आणि मामांच्या कारखान्यात त्या पूजेला निवृत्त माणसांनाही बोलावतात. मी दुकानाच्या मालासाठी सणसवाडीला गेलो होतो, म्हणून परत येताना मामांना राहूला सोडायचं ठरलं. मी गेटवर पोचलो तर तिथल्यांनी मलाही पंगतीला ओढून नेलं. मामांच्या मोबाइलवर तापमान दिसत नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला.

"लाइट हाय का?"

"हाय की!" मामींचा आवाज मलाही ऐकू आला, चांगला खुशीत होता. "कवाची हाय. तुम्ही सावकाश जेवून या."

"नेटवर्क गंडलं आसंल," असं म्हणून मामांनी मोबाइल खिशात घातला आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले. शिरा दोनदा घेतला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

आम्ही राहूला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. मामी नवं लुगडं नेसून दारातच उभ्या होत्या. "या, या, बघा तरी काय केलंय," म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं. टाकीला झेंडूची माळ होती. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. पंप, स्किमर, दिवा, एकूण एक यंत्र पुसून लख्ख केलेलं, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं. पडवीतल्या चिलरपुढे नारळ फोडलेला. आणि सगळ्यांच्या पिना काढून, वायरी नीट गुंडाळून ठेवलेल्या. "इतकी वर्सं म्या ह्यांचं कायबी केलं न्हाई," मामी म्हणाल्या. "ह्या वर्षी म्हटलं, हीबी आपल्याच घरची हायती. सकाळपासनं इसावा दिलाय. वरीसभर गरगर फिरत्यात बिचारी. आन् वन्सं बघा, आज कशा गप झोपल्यात."

वन्सं तळाशी आडव्या पडल्या होत्या. नर वर तरंगत होता. मामांनी पाण्यात बोटं बुडवली. पाणी कोमट होतं, हे त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं. दिवसभर पाणी हललं नव्हतं, गार झालं नव्हतं. त्यात हवा राहिली नव्हती. मी काहीतरी बोलणार होतो, पण मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. मग ते मामींकडे वळले आणि त्यांच्या नव्या लुगड्याकडे, हळदीनं पिवळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिले.

"पूजा झ्याक केलीस," ते म्हणाले.

मग ते पडवीत गेले, चिलरपाशी वाकले आणि बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाले, "आगं, मासं गेलं आपलं. हे मशीनच बोगस निघालं. रात्रीपासनंच पाणी गार करत नसणार. म्या सकाळी जाताना बघायला पायजे व्हतं."

मामी टाकीपाशी धावल्या. वाकून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "म्या बंद केलं म्हणून तर न्हाई ना वं झालं?"

"ह्या! एका दिसाच्या इसाव्यानं काय हुतंय? आख्खी कंपनी बंद ठेवत्यात. आजवर एक तरी मशीन मेलं का?"

मामी खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मी पाणी घ्यायच्या निमित्तानं पडवीत गेलो. मामा चिलरचं झाकण उघडून बसले होते. पक्कड घेऊन त्यांनी आतली एक तार तोडली, मग दुसरी तोडली आणि झाकण लावून टाकलं. "उद्या कुणी उघडून बघितलं तर दिसाया पायजे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उभ्या जल्मात चालू मशीन बिघडवलं नव्हतं, जावईबापू." मला फार वाईट वाटलं. माशांचं वाटलं, त्याच्यापेक्षा त्या पकडीचं जास्त वाटलं.

दोन-तीन आठवड्यांत पोवळीही पांढरी पडली. मामी मात्र अजून दुपारी तिथेच बसतात, खडक बघतात, शेंगा मोडतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "चांगलं चाललं व्हतं सारं. ह्यास्नी कुणी सांगितलं व्हतं नवं मशीन आणायला? जुनं काय वाईट व्हतं?" मामा शेजारी मान खाली घालून म्हणतात, "व्हय, माझंच चुकलं." तालुक्याला मशीन शिकवणारा माणूस, पण आता कोणीही त्याला चार शब्द सुनावून जातं.

परवा मी त्यांना म्हटलं, "मामा, मी पुण्याला चाललोय. तसलीच एक जोडी घेऊन येतो. चिलर तुम्हाला तासाभरात नीट करता येईल."

त्यांनी आधी आत, मामींकडे पाहिलं. मग म्हणाले, "नगं. मासं आलं की फुडल्या खंडेनवमीला तिला सांगावं लागंल, ह्या मशिनी बंद करू नगं म्हणून. मग ती इचारंल, का?"

आतून मामींची हाक आली, टाकीतलं पाणी कमी झालंय म्हणून. मामा लगबगीनं उठले आणि तांब्या भरून घेऊन गेले.