दाजींच्या बाईसाहेब

आमच्या दाजींइतका सभ्य माणूस निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्या सभ्यपणाचा मला जेवढा मनस्ताप झाला तेवढा एखाद्या दरोडेखोराचाही झाला नसता. दरोडेखोराशी निदान भांडता येतं. दाजींशी भांडता येत नसे. एक तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, आणि दुसरं म्हणजे आपण आवाज चढवला की ते इतक्या काळजीनं “पाणी घेता का?” विचारत, की आपल्याला खरोखरच कोरड पडल्यासारखं वाटे. उदगीरच्या तहसील कचेरीत ते अहलकार होते, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दूत अर्ज लिहून लिहून त्या भाषेची सगळी अदब त्यांच्या अंगात मुरली होती. गल्लीत म्हैस आडवी बसली तर “जरा वाट देता का?” म्हणून तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहायचे. एकदा न्हाव्यानं त्यांच्या कानाला वस्तरा लावला. रक्त गळत असताना हे त्यालाच समजावत होते, “आमचा कानच जरा पुढं आलाय. तुमची काय चूक.” न्हावी पुढं कितीतरी दिवस ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगत होता आणि शेवटी म्हणत होता, कान खरंच पुढं होता.

मी त्यांच्या अगदी उलट. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पाठीवर पोती वाहून सुरुवात केली आणि तिथंच स्वतःचं आडतीचं दुकान उभं केलं, ते काही गोड बोलून नव्हे. आमच्याकडं भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हातात हात द्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. मी रुमाल टाकण्याआधीच अर्धा सौदा उरकत असे. ज्वारीच्या ढिगाकडं रोखून बघायचं, ओंजळभर दाणे उचलायचे आणि “माल बरा आहे, पण…” एवढं म्हणून थांबायचं. समोरच्याचा चेहरा उतरायचा आणि चेहऱ्यामागोमाग भाव. अशा वेळी दाजी दुकानात असले तर कुणाचं उघडं अंग दिसल्यासारखे तोंड फिरवून छताचे वासे बघत बसत. स्वतः भाजी आणायला गेले की माळणीला विचारत, “ह्या भावात तुमचं नुकसान तर नाही ना?” ती कशाला नाही म्हणते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. कचेरीच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या बस्त्यांमागं एक मांजरीचं पिल्लू सापडलं, पांढरंशुभ्र, एक कान तेवढा काळा. ते त्यांनी शेरवानीत घालून घरी आणलं, नाव ठेवलं बाईसाहेब, आणि त्या दिवसापासून तिच्याशी अहो-जाहो सुरू केलं. आधी बाईसाहेबांचं दूध, मग ह्यांचा चहा. ती मांडीवर झोपली तर हे उठायचे नाहीत. कचेरीला उशीर का झाला म्हणून तहसीलदारानं जाब विचारला, तर ह्यांनी खरं तेच सांगितलं, “बाईसाहेब झोपल्या होत्या.” आक्का माझ्याजवळ कुरकुरायची, “मी तापानं फणफणले तवा ह्यांनी कचेरी चुकवली न्हाई बघ.” पण तीही मांजरीसाठी साय बाजूला काढून ठेवायचीच.

रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी दाजी माझ्या दुकानात येऊन बसत. काखेत टोपली, टोपलीत बाईसाहेब. त्या उतरून तुरीच्या पोत्यांवर पसरायच्या आणि येणारा-जाणारा हमाल त्यांना मुजरा करायचा. मला ह्याची लाज वाटे. कष्टानं नाव कमावलेल्या माणसाचा मेहुणा भर मोंढ्यात मांजरीला विचारतोय, “आपल्याला ऊन तर लागत नाही ना?” मी खाली मान घालून दाणे निवडत बसे.

मग बाईसाहेब चाटायला लागल्या. मांजर अंग चाटतंच, पण हे चाटणं वेगळं होतं. पोटावरची एकच जागा धरून ती सुताराच्या रंध्यासारखी जीभ चालवी. केस गेले, कातडं लाल झालं, मग त्यातून पाणी सुटलं. मध्येच दचकून उठायची, स्वतःच्याच पोटाला चावायची. दूध कमी झालं, पाठीची हाडं हाताला लागायला लागली. दाजींचंही जेवण सुटलं. हकिमानं लोण्यात कालवून गंधक दिलं. दाजींनी ते प्रेमानं चोपडलं आणि बाईसाहेबांनी लोण्यासाठी दुप्पट चाटलं. आक्कानं कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं, तर बाईसाहेब फडताळावर चढून बसल्या आणि दाजी खालून त्यांची माफी मागत राहिले. शेवटी जीभ पोचू नये म्हणून दाजींनी शिंप्याकडून मापाची बंडी शिवून घेतली, मागं नाडी बांधायची. ती घालून बाईसाहेब दुकानात आल्या त्या दिवशी हमालांनी काम टाकलं. एक जण मला म्हणाला, “शेठजी, बंडी झाक हाय, पण फेटा राहिलाच की वो.” संध्याकाळपर्यंत बाईसाहेबांनी बंडी फाडली आणि पोट आणखी सोललं.

इथवर मला नुसती लाज होती. पुढं संताप आला. हकिमानं दाजींना विचारलं, “ही बसते कुठं? हिला काहीतरी जाळणारं लागतंय.” दाजी खोटं बोलत नसत. म्हणाले, “मेहुण्यांच्या दुकानात, पोत्यांवर.” एवढं मोंढ्याला पुरलं. माझ्या पोत्यांत औषध मारलंय, माझ्या तुरीनं मांजर सोलली, मग माणसाच्या आतड्याचं काय होत असेल, असं लोक चहा पिता पिता बोलायला लागले. लातूरचं एक जुनं गिऱ्हाईक माझ्या दारावरून सरळ पुढच्या दुकानात गेलं. मी दाजींना म्हणालो, “तुम्ही एकदा चारचौघांत सांगा, माझ्या पोत्यांचं काही नाही म्हणून.” ते म्हणाले, “नसेलच हो. आणि असलं तरी तुम्ही काय मुद्दाम केलंय?” ह्या उत्तराला काय करायचं? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानात येणंच बंद केलं. कुणी विचारलं तर सांगत, मेहुण्यांना उगाच त्रास नको. त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली.

मी पोती उन्हात घातली, दुकान शेणानं सारवून घेतलं, तुरीच्या पोत्यावर सगळ्यांदेखत उघड्या अंगानं लोळून दाखवलं. लोक हसले, विश्वास कुणाचा बसला नाही. शनिवारी दिवेलागणीला मी तडक आक्काच्या घरी गेलो, आज दाजींना मोंढ्यात ओढत न्यायचं असं ठरवूनच. दार लोटलेलं होतं. आत दाजी दिव्यापुढं बसलेले. मांडीवर बाईसाहेब उताण्या. दाजींच्या हातात पोती शिवायचं दाभण आणि दाभणाच्या टोकाला बिब्बा. किनवटच्या जंगलातून येतो तो काळा बिब्बा. दिव्याच्या ज्योतीवर त्याला तेल सुटलं, आणि त्या तेलाचा ठिपका त्यांनी अलगद तिच्या पोटाला लावला.

“दाजी, काय करून राहिलात हे?”

ते दचकले, पण हसले. “या. काही नाही, नजरेचं जरा. दर शनिवारी लावतो.”

“अहो, बिब्बा उतलाय तिला. हमालाच्या हाताला हे तेल लागलं तर तोंड सुजून डोळे मिटतात त्याचे. अन् तुम्ही मांजरीच्या पोटाला लावून राहिलात?”

“बैलाच्या खांद्याला घालतात की. लेकरांनाही लावतात.”

“बैल जिभेनं चाटत बसतो का?”

दाजींनी दाभणाकडं बघितलं, मग मांजरीच्या पोटाकडं. त्यांनी दाभण हळूच खाली ठेवलं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला आला तो विजयाचा आनंद. सगळ्या मोंढ्यानं माझ्या पोत्यांवर आळ घेतला आणि रोग निघाला ह्या दाभणाच्या टोकावर. मी चढ्या आवाजात म्हणालो, “अन् एवढी कुणाची नजर लागून राहिली तिला? दर शनिवारी बिब्बा लावायला लागतो असा कोण आहे? नाव सांगा, मी बघतो त्याच्याकडं.”

दाजी ज्योतीकडं बघत राहिले. “असतं एखाद्याचं. मुद्दाम कुणी करत नाही. पाणी घेता का?”

“नाव सांगा.”

आक्का चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “त्याच्याकडं काय बघतोस, बापू. आरशात बघ. तुझीच हाय.”

मी हसायला गेलो, हसू आलं नाही. आक्का थापतच बोलत होती. “नवी आणली तवा तू आलास, मानगूट धरून उचललीस तिला, दात बघितलेस. म्हणलास, मांजर बरी हाय, पण पाठ आखूड हाय. दुसऱ्या दिवशी तिनं दुधाला तोंड लावलं न्हाई. तवापासनं हे अधनंमधनं बिब्बा लावायचे, अन् रोज तुझ्या दुकानात न्यायला लागल्यावर दर शनिवारी. मी म्हणलं, सांगा की त्याला, नगं तसं बघू म्हणून. तर म्हणले, मेव्हणा हाय, वाईट वाटंल त्याला.”

“तुमची नजर वाईट नाही हो,” दाजी घाईघाईनं म्हणाले. मग योग्य शब्द शोधत थोडे थांबले. “पारखी आहे जरा.”

माझी नजर पडली की माल उतरतो, असं मोंढ्यात लोक म्हणत आणि मी ते मिशीला पीळ देऊन ऐकत असे. ते कौतुक नव्हतं हे मला त्या चुलीपुढं कळलं. मी घरात आलो की आक्का वाळत घातलेलं नवं लुगडं काढून पेटीत टाकायची. मला वाटे, भावाला बसायला जागा करतेय.

बिब्ब्यावर उतारा सगळ्यांना ठाऊक असतो. मीच खोबरं किसलं, तीळ घेतले, पाट्यावर वाटून लेप केला. दाजींनी बाईसाहेबांना धरलं आणि मी लेप लावला, तिच्याकडं न बघता. तिनं तोही चाटला, पण त्यानं काही बिघडत नव्हतं. बिब्बा बंद झाल्यावर आग कमी झाली, खपली धरली, आणि पावसाळा सरेपर्यंत पोटावर लव आली.

मोंढ्याला मात्र मी काही सांगू शकलो नाही. बिब्बा लावला होता म्हटलं की कुणाच्या नजरेसाठी हा पुढचा प्रश्न ठरलेला. तुरीच्या पोत्यांचा आळ त्यापेक्षा बरा वाटला. गिऱ्हाईक जात राहिलं, आणि मी आतून दाजींवरच चिडत राहिलो.

एका शुक्रवारी, कचेरीला सुट्टी असताना, दाजी टोपली घेऊन दुकानात आले. बाजार भरलेला. लोकांनी मान वळवून बघितलं. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, म्हणजे दोन दुकानांपर्यंत ऐकू जाईल एवढा. “पोत्यांचं काही नव्हतं. बिब्बा मी लावत होतो. चूक माझी.”

एका जाड्या आडत्यानं लगेच विचारलं, “नजर कुणाची लागायची वो, अहलकार साहेब?”

मी हातातले दाणे तसेच घट्ट धरले. खोटं न बोलणाऱ्या ह्या माणसानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

“माझीच,” ते म्हणाले. “लई लाड करतो ना मी. आईबापाचीच नजर जास्ती लागते.”

लोक हसले आणि आपापल्या कामाला लागले. दाजींनी बाईसाहेबांना टोपलीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, “बघा की. केस चांगले आलेत.” ती ऊबदार होती, घुरघुरत होती. मी रस्त्याकडं तोंड करून “हाव, चांगले आलेत” म्हणालो.

पुढं राज्य बदललं, कचेरीतली भाषा बदलली, दाजी नोकरीतून मोकळे होऊन आक्काला घेऊन नांदेडला राहायला गेले. बाईसाहेब त्याआधीच गेल्या होत्या. दाजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची मांजर दिसायला चांगली होती असं सगळे सांगतात. मला तिचा काळा कान डावा की उजवा, तेवढंही नीट सांगता येणार नाही.