दिवेलागणीचा डाव

आमच्या शेजारची दाक्षायणी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. दोन भाकऱ्या थापल्या की उठून दाराशी जाऊन येते. ऊन उतरायला लागलं की तिच्या जिवाची नुसती घालमेल. कारण त्याच वेळी तिची अव्वा, म्हणजे आई, चन्नम्मा उठते, पिशवी काखोटीला मारते आणि कानडीत म्हणते, "मनिगी होगतीनि." घरी जाते. घर म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडचं. ते कधीच विकलं, हे चन्नम्माला आठवत नाही. लेकीलासुद्धा आता ती 'बाई' म्हणते.

दिवाळीनंतर एकदा ती खरंच निघून गेली. सापडली ती स्टँडवर, अक्कलकोटच्या एसटीत, खिडकीपाशी. दुसऱ्याच दिवशी दाक्षायणीचा नवरा राजशेखर बाजारातून कडी घेऊन आला.

"बाहेरून लावू. त्यांच्याच भल्यासाठी हाय की."

"अव्वाला कोंडायचं? आधी मला कोंडा."

राजशेखर वाईट माणूस नाही, घाबरलेला होता. "संक्रांतीपर्यंत बघू," म्हणाला आणि कडी फळीवर ठेवली. तेव्हापासून दाक्षायणीचं अर्धं लक्ष त्या फळीकडे.

त्यात तिची मुलगी आरोही एकदा मोबाईलवर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ खेळत बसली होती. चन्नम्मा त्या अक्षरांकडे टक लावून बघत राहिली. म्हातारी सीमेवरच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, रस्त्यातली पाटी वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. दाक्षायणी तडक माझ्याकडे आली, संध्याकाळी अव्वा रमेल असा मराठीतला खेळ मिळतो का विचारायला. मी शाळेतली निवृत्त बाई, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं असा तिचा समज आहे.

या खेळाची गोष्ट मला ठाऊक होती, हेही खरं. मंदीत अमेरिकेतल्या एका वास्तुविशारदाची नोकरी गेली. त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली, कुठलं किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावरून हा खेळ रचला. कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. तो वर्षानुवर्षं नाव बदल, नियम बदल करत राहिला. पुढे दुसऱ्या एकाने खेळ हाती घेतला, तेव्हा कुठे तो जगभर गेला.

"मग मराठीतला करायला तो हितं येणार हाय व्हय?" दाक्षायणी म्हणाली आणि भाकरी बांधायच्या रद्दीतली अक्षरं मोजायला बसली.

राजशेखरच्या कारखान्यात चादरीवर नक्षी उठवायला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं वापरत. जुनी टाकून दिलेली होती. ती कापून हिने सोंगट्या केल्या. काना-मात्रा सोंगटीवर नाही, ज्याने त्याने मनात धरायची. प्रत्येक सोंगटीला एखाददुसरं भोक. दिसायला अगदीच गबाळ्या, पण पक्क्या.

पहिल्याच डावात चन्नम्माने 'बेल्ल' लावलं. कानडीत गूळ. मी म्हटलं, "हा मराठी शब्द नाही. बाद." म्हातारीने सगळा डाव उधळला, पिशवी उचलली आणि पायरी उतरलीसुद्धा. पिठाच्या हातांनी दाक्षायणी मागे धावली. कोपऱ्यावरून आईला घेऊन परत आली ती माझ्यावरच उखडली. "बाई, तुमचा नियम तुमच्या घरी. हितं आमी घरात जे बोलतो ते चालंल."

खेळ म्हटला की नियम हवा, हे माझं मत अजून बदललेलं नाही. पण रोज जात राहिले.

कधी म्हातारी डाव संपेपर्यंत बसायची, कधी अर्ध्यावर उठायची. उठली की चूक आपलीच, असं दाक्षायणीला वाटे. मग सकाळी 'ल' वाढव, 'ट' काढ, पुन्हा पुठ्ठा काप. तो अमेरिकेतला बरा, त्याच्या फळीवर कडी नव्हती.

भोगीचा दिवस उजाडला. बाजरीच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी इतक्या की दाक्षायणीच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही. संध्याकाळी आम्ही खेळत असताना राजशेखर आला. त्याने फळीवरची कडी काढली आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला. चन्नम्मा पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, एक डोळा दाराकडे. तिने तीन सोंगट्या लावल्या. म, ग, ळ.

मगळ म्हणजे लेक, एवढं कानडी मलाही येतं. मी 'बाद' म्हटलं नाही.

"कुणाची मगळ?" दाक्षायणीने विचारलं. आवाज पार चिरकला होता.

"माझी. दाक्षायणी." म्हातारीने पिशवी उराशी धरली. "म्हनून तर म्हंते बाई, सोडा की मला. एकटीच हाय घरात. दिवा लागायच्या वेळंला लई भेती ती. वाट बघत असंल."

इतके महिने ती कोणाकडे निघाली होती, ते आम्हाला तेव्हा कळलं. राजशेखर कडी हातात धरून तसाच उभा.

दाक्षायणीने पदराने तोंड पुसलं. "मी तितंच जाऊन आले," ती म्हणाली. "शेजारीण बसलीय तिच्याजवळ. एक डाव खेळून ये म्हन अव्वाला, असा निरोप दिलाय तिनं."

"खरं?"

"व्हय."

चन्नम्माने पिशवी खाली ठेवली. राजशेखरने कडी पुन्हा फळीवर टाकली, चपला काढल्या आणि आमच्यात येऊन बसला.

"जेवली का ती?" म्हातारीने विचारलं.

"जेवली," दाक्षायणी म्हणाली. "पोटभर जेवली. तुमी खेळा."