माळावरच्या आसरा

बायको जाऊन वर्ष झालं नाही. घर खायला उठतं. पण तो नकाशा आठवला की मला एकट्यालाच हसू फुटतं, आणि लोक म्हणतात म्हातारा बिघडला. बिघडू द्या.

साठ सालाच्या आसपास, भात झोडून झालं तेव्हा पुण्याचे एक मास्तर आमच्याकडे मुळशीत उतरले. कुठल्या झाडावर मुंजा, कुठल्या खिंडीत वेताळ, हे सगळं गोष्टींसकट त्यांना नकाशावर मांडायचं होतं. वाट दाखवायला वडलांनी मला दिलं. रिहे गावाच्या अंगाला बायकोचं माहेर, तिकडच्या गोष्टी तिलाच ठाऊक, म्हणून तीही निघाली.

लग्न नवं. थोरांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही ही घरची रीत; मी तिचा आवाजही धड ऐकला नव्हता. आणि इथं दिवसभर मोकळं रान! मास्तर पुढं, आम्ही मागं. ती बोलायला लागली ती थांबेचना. मी नुसता हवेत.

बघता बघता नकाशा भरला. मास्तर म्हणाले, "झालं बहुतेक. उद्या निघतो." म्हणजे पुन्हा घर, पुन्हा मुक्यानं वावरायचं.

ती पटकन म्हणाली, "मास्तर, त्या माळावर साती आसरा ऱ्हायल्या की! लई कडक हायेत."

"कवापास्नं गं?" मी कुजबुजलो.

"गप ऱ्हावा. आत्ताच आल्यात."

मास्तरांनी नकाशावर खूण केली.

संध्याकाळी ओट्यावर नकाशा पसरून ते आईला वाचून दाखवत होते. आई म्हणाली, "माळावर आसरा? अवो, त्या पाण्यातल्या देवी, पाण्याबिगर बसत्यात व्हय? तितं गुराला प्यायला थेंब न्हाई!"

सून दाराआड, मी खांबाआड. आईनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. पदर हलायला लागला.

"चुकलं पोरीचं," ती म्हणाली. "आसरा पार पल्याडच्या डोहावर हायेत. लई लांब. उद्या दोघं जाऊन ओटी भरून या."

"मीही येतो," मास्तर म्हणाले.

"तुमी बसा. उद्या कोंबडं करतीया. पोरं सांगतील काय ते."

सकाळी खण-नारळ घेऊन निघालो. वेशीपर्यंत तोंड दाबून चाललो, आणि मग दोघंही पळत सुटलो. ओटी भरली, आणि उन्हं उतरेपर्यंत डोहाकाठी बोलत बसलो. काय बोललो, ते मला आता आठवत नाही. तिला आठवायचं.