सुमित्राची ओळ

आज ओल्या फडक्यानं फळा पुसताना खडूचा वास आला आणि यवतमाळच्या कॉलेजातली एक दुपार आठवली. सर आयरिश कविता शिकवत होते. देशासाठी रक्त सांडलेल्या त्या लोकांचे बहुतेक कवी इंग्रजीतच लिहीत राहिले, कारण त्यांची घरची आयरिश भाषा केव्हाच तोंडातून गेली होती, असं ते सांगत होते.

माझ्या शेजारची सुमित्रा उठली. ती मारेगावकडच्या कोलाम वस्तीतली. "सर, माह्या घरची कोलामी बी अशीच चालली."

"मग लिही तिच्यात एक ओळ," सर म्हणाले.

तिनं फळ्यावर दोन शब्द लिहिले आणि ती अडली.

"पुढचा शब्द मायले विचारा लागीन," ती सहज बोलून गेली, आणि तिचा चेहराच उतरला. तिची माय त्याच उन्हाळ्यात वारली होती.

"घरी आता कोलामी कोनीच बोलत नाही, सर."

तिनं ते शब्द पुसले आणि ओळ मराठीत लिहिली. ओळ फार सुंदर होती. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला फक्त आई गेलेली मुलगी दिसली. आता त्याच कविता मी शिकवते. वर्गात कोलाम मुलं आहेत. कोलामीत एक ओळ लिहा म्हटलं, की ती एकमेकांकडे बघून हसतात; दोन शब्दही कुणाला येत नाहीत.