सासूबाईंच्या मापाची सीट

धाकटे दीर पुण्याहून आले ते टेंपोत घडीची सायकल टाकूनच. तिकडे ठेवायला जागा नाही म्हणाले. जागा लागू नये म्हणूनच तर तिची घडी होते, असं माझ्या मनात आलं, पण मी बोलले नाही. मला ती सायकल हवी होती.

आमच्या म्हशीचं दूध शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर कडा गावच्या डेअरीत जायचं. शेजारी आधी चहा, मग पान, मग गप्पा असं करत निघायचा. उन्हाळ्यात दूध नासून परत यायचं. शाळा चौथीत सुटली, पण तोवर सायकल शिकले होते. म्हटलं, आपणच न्यावं. आमचे मालक म्हणाले, ने, पण दूध सांडलं की सायकल माघारी पुण्याला.

गावात सायकलीचं दुकान एकच, माझ्या चुलत सासऱ्यांचं. त्यांच्यासमोर मी पदर ढळू दिला नव्हता, की कधी एक शब्द बोलले नव्हते. म्हणून सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, सोबत नेलं. मी त्यांच्या कानात सांगायचं, त्यांनी मोठ्यानं. मोठी चाकं बसतील का, विचारलं. ती चाक धरणाऱ्या चिमट्यात मावत नाहीत म्हणाले, आणि चाक बारकं असलं की ओझं खाली राहतं, कॅन डुलत नाही. मागच्या चाकाला जाड तारा घातल्या. वाटेवर बाभळीचे काटे, म्हणून टायर रुंद घेतलं. मधल्या बिजागरीला जादा बोल्ट मारला, नाहीतर वाटेतच कॅनसकट घडी झाली असती.

मग सीटचं माप घ्यायला त्यांनी सूनबाईला बसवा म्हटलं. मी दाराआड. सासऱ्यासमोर सायकलवर कसं बसायचं? आत्याबाईंनी कासोटा आवळला. आमी दोघी एकाच उंचीच्या हाव म्हणाल्या आणि चढल्या.

"वयनी, नीट धरा. या वयात पडलात तर कोण सांभाळंल?"

"तुमच्या दुकानात पडले म्हंजी तुमीच सांभाळा, भावजी."

उंची सारखीच होती. पण त्यांची सगळी पायांत, माझी पाठीत. पहिल्याच संध्याकाळी कळलं, माझा पाय जमिनीला टेकत नाही. थांबायचं तर आधी झाड बघायचं. डेअरीत ओटा होता म्हणून उतरले. टायरात हवाही इतकी गच्च, की धक्क्यांनी दूध घुसळलं; कॅन उघडला तर दुधावर लोण्याच्या गोळ्या. दोन दिवसांनी शेळ्यांचा कळप आडवा आला आणि जवळ झाड नव्हतं. मी सावकाश कलंडले. अर्धा कॅन शेळ्यांनी चाटला.

मालकांनी दिरांना फोन लावला. टेंपो परवा येणार होता.

मी आत्याबाईंना पुन्हा दुकानात नेलं. त्या पुन्हा सीटवर बसल्या, दोन्ही पाय ऐटीत टेकवले. बराबर हाय म्हणाल्या. मग तक्रार काय, सासऱ्यांनी विचारलं.

"पोरीला चालवता येत न्हाई, दुसरं काय."

हे मात्र मला लागलं. दाराआडून शब्द आपोआप बाहेर आले. "मामंजी, माझे पाय पोचत न्हाईत."

म्हैस बोलल्यासारख्या आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. सासऱ्यांनी पाना खाली ठेवला आणि भिंतीवर टांगलेल्या टायरच्या ट्यूबांकडे तोंड करून उभे राहिले.

"बसा सूनबाई. मी बघत न्हाई. पाय टेकला का?"

"न्हाई."

मी उतरले. ते वळले, सीट खाली घेतली, परत भिंतीकडे तोंड केलं. मी बसले.

"आता?"

"चवडा टेकतोय."

"तेवढंच पायजे. हवा कशी हाय?"

"लई गच्च. दुधात लोणी येतंय."

त्यांची पाठ हलायला लागली. हसत होते.

त्या संध्याकाळी दूध काठोकाठ पोचलं, दुसऱ्या दिवशीही. मालकांनी दिरांना टेंपो नको म्हणून कळवलं. आत्याबाई मात्र अजून रुसलेल्या आहेत. सीट खाली घेतल्यापासून गुडघे हँडलला लागतात म्हणतात. सायकल त्या कधी चालवतात, हे मी विचारलेलं नाही.