राहून गेलेली दुरुस्ती

गंधाली देवपुजारी नेमकं काय काम करते, हे नातेवाइकांना कधी उमगलंच नाही. 'कंप्युटर सुधरवते' एवढंच ते सांगायचे. शंकर नगरातल्या एका छोट्या कंपनीत ती सर्व्हर सांभाळायची. शहरातल्या बऱ्याच डायलिसिस केंद्रांच्या नोंदी त्यावर होत्या. कोणत्या पेशंटने कधी यायचं, कोणतं मशीन, सगळं तिथंच. तिचे वडील नरहर, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांपैकीच समता कॉलनीतल्या एका केंद्रात जायचे; तिथले लोक गंधालीला 'दीदी' म्हणून ओळखायचे. शेजारच्या खाटेवर आरंगकडच्या खेड्यातली शांताबाई असायची. ती इथल्या छत्तीसगढीत बोलायची, हे घरच्या वऱ्हाडीत, आणि गप्पा मात्र झकास रंगायच्या.

एका सोमवारी सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये भगदाड सापडल्याची सूचना आली. कुणीही घरबसल्या खोट्या मागण्यांचा मारा करून सर्व्हर गुदमरवू शकत होता. दुरुस्ती तयार होती, पण ती बसवायला सगळं थोडा वेळ बंद करावं लागणार होतं. गंधालीने आधी चाचणीच्या मशीनवर करून पाहिलं, तर एका केंद्राचं जुनं ॲप अडकलं.

"दीदी, अभी मत छेड़ो," तिचा साहेब अभिनव म्हणाला. "नए क्लाइंट का डेमो है. संडे को कर लेंगे."

तिने एकदा विरोध केला, मग मान डोलावली. आपल्या एवढ्याशा सर्व्हरवर कोण कशाला हल्ला करेल, असं तिलाही वाटलं.

शुक्रवारी सकाळी मारा सुरू झाला. कुणी केला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. केंद्रांमधल्या स्क्रीन पांढऱ्या पडल्या, फोन खणखणत राहिले. गंधालीने दुरुस्ती बसवून सर्व्हर उठवला तेव्हा दुपार टळून गेली होती.

घरी आली तर नरहर दिवा न लावता बसले होते.

"मले घेतलं," ते म्हणाले. "'दीदी के पापा हैं' म्हणून यादी न पाहताच घेतलं. शांताबाईले परत धाडलं. काउंटरवर नवी पोट्टी होती. म्हणे, नाव दिसून नाही राहिलं."

"आता सुरू झालं, बाबा. उद्या येईल ती."

"कशी येईन? रोज बस भेटते का तिले?"

गंधालीने नोंदीतल्या नंबरवर फोन लावला. बंद होता. पुन्हा पुन्हा लावला, बंदच. दोन दिवसांनी शांताबाईच्या छातीत पाणी भरलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. केंद्रातल्या नर्सने नरहरांना सांगितलं.

"दुरुस्ती होती ना तुह्याजवळ? मंग काहून थांबली?" त्यांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. अभिनवचं बोलणं सांगितलं, आपण मान डोलावली तेही सांगितलं. नरहर त्या दिवशी जेवले नाहीत.

कंपनीने केंद्रांना 'तांत्रिक अडचण' असं कळवून टाकलं. गंधालीला ते पुरेना. वडिलांना शेजारच्या सीटवर बसवून ती गाडी चालवत शांताबाईच्या गावी गेली. मुलाने खाट टाकली, त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला.

"मशीन बिगड़ गे रिहिस, कहिन," मुलगा म्हणाला. केंद्राने त्याला तेवढंच सांगितलं होतं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"मशीन ठीक थी, भैया," गंधाली म्हणाली. "पेशंटों के नाम वाला काम हमारा था. खराबी पता थी हमको. ठीक करना मैंने टाल दिया."

त्याने चहाने भरलेल्या कपांकडे बोट केलं. मग बायकोकडे वळून म्हणाला, "कप ला भीतर ले जा."

परतताना नरहर गाडीत मागच्या सीटवर बसले.